‘दुःख’, ‘दुःखसहन’, ‘बलिदान’, ‘यज्ञ’ : ख्रिस्ती मराठीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे : उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) संदेशात ‘ख्रिस्ताचे दुःख’, ‘दुःखसहन’, ‘बलिदान’ आणि ‘यज्ञ’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. ते तसे चालतात का? आणि ‘दुःखातच अर्थ आहे’ हे वाक्य ख्रिस्ती विचाराला धरून आहे का?

आधी शेवटचे घेऊ, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. ते वाक्य धरून नाही. ख्रिस्ती विचारात अर्थ प्रीतीला आहे. दुःख ही त्या प्रीतीला मोजावी लागलेली किंमत आहे. किंमतच मौल्यवान ठरवली की क्रूरतेलाही मोल येते. योहानाचे पहिले पत्र (३:१६) प्रीती म्हणजे काय हे सांगताना ख्रिस्ताने आपल्याकरता प्राण दिला याकडे बोट दाखवते. त्या वाक्यातला ‘आपल्याकरता’ गाळला, तर उरतो तो फक्त एक मृत्यू. शब्द निवडताना हा ‘करता’ शाबूत राहतो का, एवढे पाहावे.

‘मला दुःख झाले’ या वाक्यात मी काहीच केलेले नाही. दुःख आले आणि माझ्यापाशी थांबले. ‘मी दुःख सोसले’ म्हटले की मी कर्ता होतो. ‘दुःखसहन’ हा शब्द या दुसऱ्या वाक्यातून निघतो. म्हणून अटकेपासून मरणापर्यंतच्या साऱ्या वाटेला ‘दुःखसहन’ म्हणावे. अटकेआधीची गेथशेमाने बागेतली येशूची व्याकुळता किंवा त्याचा मित्र लाजर याच्या कबरेजवळचे रडणे (योहान ११:३५) यांना मात्र नुसते ‘दुःख’च म्हणावे. तिथे ‘सहन’ जोडले तर अश्रूंचाही पराक्रम होतो, आणि तो मजकुरात नाही.

क्रियापदांकडे तर जास्तच लक्ष द्यायला हवे. प्राण जातो, प्राण घेतात, प्राण देतात. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, तर मी होऊन तो देतो. ‘मी होऊन’ हा अस्सल मराठी प्रयोग इथे चपखल बसला आहे. कोणी भाग पाडले नाही आणि फुशारकीही नाही, हे दोन्ही त्यात येते. पण ‘होऊन दिला’ याचा अर्थ ‘हवासा वाटला’ असा नाही. हा प्याला (येऊ घातलेले दुःख) टळो, ही प्रार्थना त्याच ओठांवर होती. त्यामुळे ‘दुःख पत्करले’ बरोबर, ‘दुःख ओढवून घेतले’ चूक. ओढवून घेण्यात अविचाराची छटा आहे.

‘भोगणे’ जपून वापरावे. जुन्या ख्रिस्ती मजकुरात ‘दुःख भोगले’ आढळते. तिथे त्याचा अर्थ ‘अनुभवले’ एवढाच असल्याने ते खोडायची गरज नाही. पण आजच्या वाचकाच्या कानात ‘भोग’ म्हटले की पूर्वकर्माचा हिशेब वाजतो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमके हेच विचारले होते : पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). आजारी माणसाबद्दल लिहिताना ‘हे भोग त्याच्या वाट्याला आले’ म्हटले, तर नाकारलेला हिशेब मागच्या दाराने आत येतो. ‘सोसणे’ किंवा ‘वाट्याला येणे’ पुरेसे आहे.

आता ‘यज्ञ’ आणि ‘बलिदान’. आजच्या बोलीत ‘बलिदान’ म्हटले की सैनिक किंवा हुतात्मा डोळ्यांपुढे येतो, म्हणजे शौर्य आणि रक्त. ‘बळी पडणे’ तर पूर्णच अगतिक : अपघाताला, साथीला, फसवणुकीला माणूस बळी पडतो. ‘ख्रिस्त कारस्थानाला बळी पडला’ हे इतिहास म्हणून लिहिता येईल, पण ‘मी होऊन देतो’ याच्याशी ते जुळत नाही. ‘बलिदान’ चुकीचा शब्द नाही. कॅथलिक परंपरेत मिस्साला (भाकर आणि द्राक्षारसाच्या मुख्य उपासनेला) बलिदान म्हणतातच. पण जिथे देवाला काही वाहण्याचा संदर्भ आहे, तिथे ‘यज्ञ’ किंवा ‘अर्पण’ अधिक नेमका. अर्पणासाठी हिब्रूत ‘कोर्बान’ हा शब्द आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ ‘जवळ येणे’ असा आहे. जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या विधींच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातल्या अन्नार्पणात सपीठ, तेल आणि धूप आहे, रक्त नाही. इतकेच नव्हे, तर ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत, त्याने पापार्पण म्हणून एक दशांश एफा, म्हणजे सुमारे दोन लिटर सपीठ आणावे असे ५:११ सांगते. प्राण्याच्या वेदनेवर त्या विधींत कुठेच भर नाही. म्हणून ‘जितकी वेदना जास्त, तितका यज्ञ मोठा’ हे समीकरण शास्त्रातूनच खोटे पडते.

सर्वांत जास्त नुकसान ज्या प्रयोगाने होते तो ‘तुझा क्रूस आहे, वाहा’. घरी मार खाणाऱ्या बाईला किंवा पिळवणूक होणाऱ्या कामगाराला हे ऐकवले जाते. मार्क ८:३४ मध्ये क्रियापद आहे ‘उचलून घेणे’, आणि त्याला ‘माझ्यामागे येणे’ जोडलेले आहे. दुसऱ्याने लादलेला जुलूम यात बसत नाही. त्या वचनातला ‘आत्मत्याग’ही नीट वाचायला हवा. मूळ ग्रीक क्रियापद ‘नाकारणे’ हे आहे, आणि पेत्र या शिष्याने अटकेनंतर येशूला नाकारले तिथेही तेच आहे. पेत्र म्हणाला होता, ‘मी त्या माणसाला ओळखत नाही.’ शिष्याने ही अनोळख आपल्या ‘मी’शी दाखवायची आहे. याचा अर्थ स्वतःला मातीमोल समजणे नव्हे. आपला शब्द शेवटचा न मानणे. ‘त्याग’ ऐकले की वस्तू सोडणे आठवते, म्हणून नव्या मजकुरात ‘स्वतःला नाकारावे’ हेच मला जास्त पटते.

ओझ्यांसाठी वेगळे वचन आहेच. गलतीकरांस पत्रात (६:२) एकमेकांची ओझी वाहायला सांगितले आहे आणि तीनच ओळींनंतर प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही आहे. ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत : पहिला जड वजनासाठी, दुसरा ज्याच्या त्याच्या नेहमीच्या बोज्यासाठी. दुःखात असलेल्याला धीर देताना क्रुसापेक्षा हे पहिले वचन हाताशी ठेवावे, कारण त्यात काम ऐकणाऱ्याला नाही, बोलणाऱ्याला लागते.

‘प्रीती’ की ‘प्रेम’? बायबलच्या रूढ मराठी भाषांतरात ‘प्रीती’ आहे, आणि उपासनेत तोच ठेवावा. बाहेरच्या वाचकासाठी ‘प्रेम’ चालेल. एकाच लेखात दोन्ही मिसळू नयेत, वाचक उगाच भेद शोधत बसतो. ‘आगापे या ग्रीक शब्दाचा अर्थच निःस्वार्थ प्रीती’ असे मात्र लिहू नये. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अम्नोनाला सावत्र बहीण तामार हिच्याविषयी वाटलेल्या वासनेलाही (२ शमुवेल १३:१५) हाच शब्द आहे. प्रेषित पौलाचा सोबती देमास याने त्याला सोडून ‘या जगावर’ प्रीती केली (२ तीमथ्य ४:१०), तिथेही त्याच कुळातले क्रियापद येते. त्यागाचा अर्थ शब्दात भरलेला नाही, तो वाक्यातून येतो.

रोमकरांस पत्रातली साखळी (५:३-५) उद्धृत करताना ती अर्ध्यावर तोडण्याची चूक फार होते. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. इथे थांबले की संकट हेच घडवणारे ठरते. पुढचे वाक्य सांगते की आशा लाजवत नाही, कारण देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतलेली आहे. ‘कारण’सकट उतरवावे. इथे ‘संकट’ म्हणजे ग्रीक ‘थ्लिप्सिस’, मुळात दाब.

हाच शब्द कलस्सैकरांस १:२४ मध्ये आहे, जिथे ख्रिस्ताच्या क्लेशांतले उणे मी भरून काढतो, असे पौल म्हणतो. त्यावरून ‘आपल्या दुःखाने ख्रिस्ताचा यज्ञ पुरा होतो’ असे लिहिलेले दिसते. तो अर्थ निघत नाही. ख्रिस्ताच्या तारण करणाऱ्या मरणासाठी नवा करार ‘थ्लिप्सिस’ हा शब्द वापरत नाही, आणि तो यज्ञ एकदाच झाला असे इब्री लोकांस पत्र वारंवार सांगते. पौल मंडळीसाठी, म्हणजे ख्रिस्ती समुदायासाठी, सोसत असलेल्या हालांविषयी बोलतो आहे. तिथे ‘क्लेश’ हाच शब्द ठेवावा आणि ‘यज्ञ’ टाळावा.