कनेक्सिन निगेटिव्ह म्हणजे आनुवंशिक नाही, असं कुणी सांगितलं?

पस्तिशीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, वडिलांचंही तसंच होतं, कनेक्सिन-२६ या कानाशी संबंधित जीनची (जनुकाची) तपासणी निगेटिव्ह आली आणि तपासणी केंद्रवाले म्हणतात 'आनुवंशिक नाही, निर्धास्त राहा', हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. अगदी हेच आम्हाला इथे बडोद्यात ऐकवलं होतं. केंद्राचं नाव घेत नाही. मी डॉक्टरही नाही, तेव्हा जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

अहो, त्यांनी एकच जीन तपासला होता! बहिरेपणाशी संबंध असलेले जीन शंभराच्या वर आहेत. कनेक्सिनचा दोष मुख्यतः जन्मापासूनच्या बहिरेपणात सापडतो. मोठेपणी सुरू होऊन वाढत जाणारा, बापाकडून मुलाकडे येणारा प्रकार वेगळा. तरी रिपोर्टखाली ठणठणीत वाक्य: 'आनुवंशिक कारण नाही'. वर मला प्रश्न, नवरात्रात गरब्याला स्पीकरजवळ असता का? बडोद्यात कोण नसतं! झालं, 'आवाजामुळे' लिहून मोकळे.

ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या स्वराला किती ऐकू येतं त्याचा आलेख, त्यांच्या टेबलावरच होता. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. आवाजाने कान गेले की साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० ला रेघ थोडी सावरते. माझी रेघ मधल्या स्वरांत खचलेली, दोन्ही कानांची सारखीच. पण ती बघायला सवड कुणाला?

या एका वाक्यापायी माझ्या धाकट्या बहिणीची तपासणी राहिली ती राहिलीच. ती शाळेत शिकवते. मुलं काय विचारतात ते कळेना, तर 'बाईंचं लक्ष नसतं' अशा तक्रारी. त्याचा राग अजून आहे.

पुढे मोठं पॅनेल, म्हणजे एकदम बऱ्याच जीनची तपासणी, केलं तेव्हा माझ्या ईवायए-४ या जीनमध्ये दोष निघाला. हा जीन हुकूम देणाऱ्यांपैकी. त्याचं प्रथिन दुसऱ्या जीनना चालू ठेवायला मदत करतं. दोनपैकी एक प्रत बिघडली तरी भागत नाही, आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के. पीओयू४एफ३ आणि जीआरएचएल२ हे जीनही याच पंगतीतले. २००९ मध्ये तर मायक्रो-आरएनए-९६ या इवल्याशा नियामकातल्या बदलानेही घराण्यात बहिरेपणा येतो हे दिसलं. आणि आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, नशीबवान आहेत.

तेव्हा रिपोर्टमध्ये किती जीन तपासले ते आधी बघा. जनुकीय समुपदेशकाला भेटताना घरातल्या कुणाचे कान कोणत्या वयात गेले ते कागदावर लिहून न्या. ईवायए-४ मध्ये दोष निघालाच तर हृदयाची इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) करावी का तेही विचारा. त्यातले काही बदल हृदयाच्या स्नायूलाही बाधतात. माझी इको ठीक आली.

जाता जाता: कानाच्या मशीनच्या सेलवरचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो बसवा, जास्त चालतो. आणि पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.