जॉन इंगरसॉल यांनी संचालकपद का सोडले?

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लटसारख्या शहराचे पोलीसप्रमुख असलेले जॉन इंगरसॉल अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ विभागाचे संचालक कसे झाले आणि १९७३ मध्ये त्यांनी ते पद का सोडले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्हींचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत सापडते.

कॅलिफोर्नियातील ओकलंड पोलीस दलातून पुढे आलेले इंगरसॉल १९६६ मध्ये शार्लटला प्रमुख झाले. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अर्थखात्याचा आणि आरोग्यखात्याचा असे अमली पदार्थांविषयीचे दोन विभाग एकत्र करून नवा विभाग न्यायखात्याकडे सोपवला. अर्थखात्याच्या जुन्या विभागाच्या न्यूयॉर्क कार्यालयातील भ्रष्टाचार तेव्हा चव्हाट्यावर येत होता. अशा वेळी बाहेरचा, व्यावसायिक पोलीस अधिकारी आणणे मला अगदी योग्य वाटते.

तोवरची रीत अशी होती की, साध्या वेशातील अधिकारी रस्त्यावर हेरॉइनची पुडी विकत घेई, विकणाऱ्याला बेड्या ठोकी, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जागी दुसरा उभा राही. इंगरसॉल यांनी पुडीवाल्यांऐवजी तुर्कस्तानची अफू, फ्रान्सच्या मार्से शहरातील हेरॉइनचे छुपे कारखाने आणि न्यूयॉर्कचे घाऊक व्यापारी या साखळीवर भर दिला. १९७१ मध्ये फ्रान्सशी पोलिसी सहकार्याचा करार झाला आणि तुर्कस्ताननेही अफूच्या लागवडीवर बंदी जाहीर केली. पण असा तपास महिनोन्‌महिने चालतो आणि त्यात अटकेचे आकडे फुगत नाहीत.

निक्सन यांच्या व्हाइट हाऊसला मात्र आकड्यांची घाई होती. निवडणुकीच्या वर्षी, जानेवारी १९७२ मध्ये, रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पकडण्यासाठी माइल्स अँब्रोज यांच्या हाताखाली वेगळे कार्यालय उघडण्यात आले. या घाईची किंमत एप्रिल १९७३ मध्ये इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे दिसली. त्या कार्यालयाच्या पथकांनी वॉरंटशिवाय, चुकीच्या पत्त्यावर, दोन घरांत घुसून निरपराध कुटुंबांवर पिस्तुले रोखली आणि त्यांतील एका गृहस्थाला त्याच्याच बिछान्यावर हातकड्या घातल्या. हे वाचताना आजही संताप येतो.

जूनअखेर इंगरसॉल यांनी राजीनामा दिला आणि व्हाइट हाऊसमधील लोकांच्या ढवळाढवळीविषयी जाहीरपणे तक्रार केली. १ जुलै १९७३ रोजी त्यांचा विभाग आणि ते वेगळे कार्यालय ज्या नव्या यंत्रणेत विलीन झाले, तीच आजची डीईए, म्हणजे अमेरिकेची अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणा, होय. तिचे पहिले प्रमुख जॉन बार्टेल्स हे अँब्रोज यांच्याच कार्यालयातून आले होते.