तणसाच्या गाठी, कुट्टी यंत्र आणि युरियाचे पाणी

प्रश्न : उन्हाळी धान हार्वेस्टरने काढल्यानंतर आम्ही बेलरने तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) गाठी बांधून घेतल्या. त्या कुट्टी यंत्रातून काढून गाई-म्हशींना घालायच्या आहेत. तणस जितके बारीक तितके दूध जास्त, आणि युरियाचे पाणी शिंपडून लगेच घातले तरी चालते, असे यंत्र विकणाऱ्याने सांगितले. हे बरोबर आहे का? यंत्रावर अनुदान आहे का? (भंडारा व गोंदिया भागातील पशुपालक)

उत्तर : दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि दुसरी तर जनावराच्या जिवावर बेतणारी आहे.

कुट्टी केल्याने तणसाचा कस वाढत नाही. अख्खे तणस टाकले की जनावर त्यातले निवडून खाते आणि उरलेले पायाखाली तुडवते. ती नासाडी थांबते आणि चारा भिजवणे, मिसळणे सोपे जाते, एवढाच कुट्टीचा फायदा आहे आणि तो लहान नाही. तुकडा अर्धा ते एक इंचाचा ठेवावा. त्याहून बारीक भुसा घातल्यास रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते, पोटातील आम्लता वाढते आणि दुधाचे फॅट घसरते. विक्रेता बारीक जाळी जोडून दाखवील. ती घेऊ नये. डेअरीत फॅट लागले नाही तर तो विचारायला येणार नाही.

गाठ यंत्राच्या तोंडात तशीच कोंबू नये. ती मोकळी करावी, जितके वेढे होते तितकी दोरी हातात आली का ते पाहावे आणि मगच तणस यंत्रात सोडावे. प्लास्टिकच्या दोरीचे तुकडे पचत नाहीत, पोटात गोळा होतात. तारेचा तुकडा तर जाळीपोट (जनावराच्या पोटाचा हृदयाजवळचा कप्पा) भेदून हृदयापर्यंत जातो. गाठीच्या मध्यात हात घालावा. आत ऊब, काळपटपणा किंवा कुबट वास असेल तर तणस ओले असताना गाठ बांधली गेली आहे, असे समजावे आणि ती शेणखताच्या खड्ड्यात टाकावी. यंत्रातून काढले की बुरशी झडते, हे मी अनेक दुकानांत ऐकले आहे. भुकटी उडते, विष तणसातच राहते, आणि उडालेली भुकटी यंत्रावर उभा असलेला माणूस नाकात घेतो.

आता युरिया. माझा आग्रह विचाराल तर कुट्टीपेक्षा युरिया प्रक्रियेवर मेहनत घ्यावी, कारण निकृष्ट तणसाचा कस वाढतो तो तिथे. 100 किलो कोरड्या तणसाला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर पायाने दाबावा, ढीग प्लास्टिकने हवाबंद झाकावा आणि 21 दिवस उघडू नये. या काळात युरियापासून अमोनिया तयार होतो, तो तणस मऊ करतो आणि त्यातील नत्र वाढवतो. शिंपडून लगेच घातले तर जनावराच्या पोटात थेट युरिया जातो. तो चारा नव्हे, विष आहे. 4 किलो म्हणजे 4 किलो. ‘जरा जास्त घाला, लवकर मुरते’ हा सल्ला ज्याने दिला त्याला युरिया विकायचा आहे. एका गोठ्यात मी गेलो तेव्हा बादलीच्या तळाला न विरघळलेले दाणे तसेच होते आणि गाय बादली चाटत होती. सुदैवाने वेळेत दिसले. अंग थरथरणे, तोंडाला फेस, पोटफुगी ही लक्षणे तासाभरात दिसू शकतात. संध्याकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवावे.

21 दिवसांनी ढीग एका बाजूनेच उघडावा, लागेल तेवढे तणस काढून उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवावे. सुरुवात एक-दोन किलोने करून आठवडाभरात प्रमाण वाढवावे. सहा महिन्यांखालील वासरांना ते मुळीच घालू नये, उपाशी जनावरापुढे एकदम टाकू नये आणि सोबत कच्चे सोयाबीन देऊ नये. भाताच्या तणसातील ऑक्झलेट हा घटक कॅल्शियम अडवून ठेवतो, म्हणून खनिज मिश्रण रोज द्यावे आणि थोडा तरी हिरवा चारा असावा. मेअखेर रचलेला ढीग रोवणीच्या धावपळीत, चारा संपत आलेला असताना, बरोबर हाताशी येतो.

अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करावा. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र घेऊ नये. ‘आधी न्या, बिल नंतरच्या तारखेचे लावू’ असे दुकानदार म्हणेल. मग अनुदान जाते आणि भांडण तुमच्या गळ्यात पडते. यंत्र घेताना उलट फिरवण्याचा दांडा आहे का आणि तो तोंडाशी उभ्या माणसाच्या हाताला लागतो का, हे दुकानातच चालवून पाहावे.