एप्कॉटमधली एक संध्याकाळ जुन्या बँडला द्यावी का?

तुम्ही विचारलंय की मुलांना घेऊन मुंबईहून फ्लोरिडाला चाललोय, तिथल्या एप्कॉट या डिस्नेच्या थीम पार्कसाठी एकच दिवस आहे, तर त्यातली संध्याकाळ ‘एअर सप्लाय’सारख्या जुन्या बँडसाठी राखून ठेवावी की राइड्स उरकाव्यात?

बँडसाठी ठेवा. मी अगदी मनापासून सांगतेय.

मी बोरिवलीची. आमच्यासाठी थीम पार्क म्हणजे गोराईच्या जेट्टीवरून लाँचने गाठायचं एस्सेलवर्ल्ड होतं (आता तेही बंद झालं), आणि बँड ऐकायची जागा म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. (आजूबाजूला कॉलेज, हॉस्पिटलं. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथला आवाज बंद झाला. ती हळहळ अजून आहे.) त्यामुळे एप्कॉटला गेलो असताना भाऊ म्हणाला, ‘संध्याकाळी एअर सप्लाय आहे,’ तेव्हा मला वाटलं, नाव तेवढं जुनं असेल आणि चार नवखी पोरं ओठ हलवतील.

स्टेजवर आले ते ग्रॅहम रसेल आणि रसेल हिचकॉकच. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात एका संगीत नाटकात दोघांची गाठ पडली, तेव्हापासूनची ही जोडी. साथीचे वादक बदलत गेले, हे दोघे राहिले. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली त्यांची एक कॅसेट आमच्या घरी इतकी वाजली होती की एका कडव्यात टेप ताणली गेली होती. तिथे सूर डळमळायचा, आणि मला तो तसाच पाठ होता. त्या संध्याकाळी ते कडवं आलं, मी नकळत तो हेलकावा येणार म्हणून थांबले, आणि सूर सरळ लागला. माझ्या पुढच्या बाकावर सत्तरीच्या एक बाई नवऱ्याच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरून होत्या. त्यांनाही प्रत्येक शब्द येत होता. असं ऐकणं घरच्या स्पीकरवर होत नाही.

आता कामाचं. शरदात फूड अँड वाइन महोत्सव असतो, त्यात ‘ईट टू द बीट’ नावाने हे कार्यक्रम होतात. वसंतात फुलांच्या महोत्सवात ‘गार्डन रॉक्स’. तिकडे हर्मन्स हर्मिट्सचे पीटर नून अनेक वर्षं गात आलेत, १९६४ चा बँड! पार्कच्या तिकिटातच कार्यक्रम येतो, वेगळे पैसे नाहीत. जेवणाचं पॅकेज घेतलं तर जागा राखीव मिळते, पण ते महाग पडतं. आम्ही घेतलं नाही, पाऊण तास आधी जाऊन रांगेत उभे राहिलो. तुमच्या तारखांना कोण गाणार आहे ते मात्र निघण्याआधी बघून ठेवा, कारण बँड दर काही दिवसांनी बदलतात.

एका संध्याकाळी तोच बँड दोन-तीनदा वाजवतो, दर वेळी साधारण अर्धा तास. वेळ थोडा, म्हणून फापटपसारा नसतो, लोकांना हवी तीच गाणी होतात. मुलंही तेवढा वेळ आरामात बसतात. आमचा अकरा वर्षांचा पहिल्या खेळाला आइस्क्रीमसाठी कुरकुरत आला होता, दुसऱ्या खेळाला ड्रमर नीट दिसावा म्हणून स्वतः पुढे जाऊन बसला.

हे कार्यक्रम होतात ते अमेरिका गार्डन्स थिएटर पार्कमधल्या मोठ्या तळ्याच्या पार पलीकडच्या काठावर आहे. उजवीकडून जा की डावीकडून, अर्धी प्रदक्षिणा होतेच, म्हणून राइड संपवून ऐन वेळी धावत जायचा बेत करू नका. आणि बसायची जागा उघड्यावर. सप्टेंबरात तिथे दुपारी ढग भरून येतात, वीज चमकू लागली की कार्यक्रम थांबवतात. शेवटच्या खेळावर भिस्त ठेवू नका, पहिल्यालाच जाऊन बसा.