टाळी आणि खाली

प्रिय,

वसाहतीतल्या तुझ्या प्रयोगाचा आराखडा दोनदा वाचला. पाच इमारती, मधलं मोठं अंगण. शिट्टी झाली की सगळे रहिवासी गॅलरीत येणार, रंगीत दोऱ्या खाली सोडणार, खालची मुलं त्यांना चिठ्ठ्या बांधणार आणि तासाभरात सगळी वसाहत एका जाळ्यात गुंफली जाणार. कल्पना देखणी आहे. पण तुझ्या चार पानांत 'सगळे' हा शब्द नऊ वेळा आला आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्या एका शब्दासाठी आहे.

मी तुझ्या वयाची असताना एका वसाहतीत असाच प्रयोग केला होता. संध्याकाळी सात वाजता प्रत्येक खिडकीत रंगीत कागद लावलेला दिवा ठेवायचा, एवढंच. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी अंधारीच राहिली. आमच्यातल्या एकानं माईक घेतला आणि 'तिसरा मजला, तिसरा मजला' असा गजर सुरू केला. मुलांनी तो उचलून धरला. खिडकी उजळली नाही. दुसऱ्या दिवशी दिवे गोळा करताना कळलं की त्या घरातलं माणूस आठवड्यापूर्वी गेलं होतं. जिन्यातल्या शेजाऱ्यांना ते ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं, कारण महिनाभर आम्ही त्या वसाहतीत सांगत फिरलो होतो, विचारलं कुणालाच नव्हतं. मी माफी मागायला गेले. दार उघडणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "आवाज वरपर्यंत फार येतो हो."

नाट्यगृहात आलेला माणूस घर सोडून, आपल्या इच्छेनं आलेला असतो. वसाहतीत मात्र आपणच त्याच्या घरात शिरतो, खिडकीतून आणि कानांतून. तिथे खेळात न येणाऱ्यासाठी जागा ठेवली नाहीस, तर तो आपोआप खेळ बिघडवणारा ठरतो. त्यानं काही केलेलं नसतं. आपला नियम कच्चा असतो.

बऱ्याच वर्षांनी दिव्यांचा तोच खेळ मी नव्यानं बांधला. इमारतीच्या खिडक्या खालच्या लोकांनी ताल वाचावा तशा डावीकडून उजवीकडे वाचायच्या. उजळ खिडकी आली की टाळी, अंधारी आली की खाली, म्हणजे तालातली टाळी न वाजवता मोकळी सोडायची जागा. मजला संपला की वरचा मजला. कुणी मध्येच दिवा मालवला की ताल बदलायचा आणि अंगणात एकच धांदल उडायची. त्या संध्याकाळी अंधाऱ्या खिडकीला कुणी हाक मारली नाही. तिच्यावाचून नुसता टाळ्यांचा गोंगाट उरला असता. एका घरातला पडदा सारखा हलत होता. आतलं माणूस दिवा लावत होतं, विझवत होतं आणि खाली काय होतं ते बघत होतं. शेवटपर्यंत ते गॅलरीत आलं नाही, आणि त्याच्याइतकं रंगून त्या दिवशी कुणीही खेळलं नाही.

तुझ्या दोऱ्यांना अशी 'खाली' कुठे आहे, ते शोध. ज्या गॅलरीतून दोरी येणार नाही, तिथून जाळ्याला वळण मिळतं, असं काही करता येईल का? उत्तर मी देणार नाही. ते तुला त्या अंगणात उभं राहूनच सापडेल.

दुसरी गोष्ट सूचनांची. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलादालनात अॅलन कॅप्रो या कलाकारानं आपला पहिला मोठा 'हॅपनिंग', म्हणजे प्रेक्षकांनाच सामील करून घेणारा प्रयोग, केला, तेव्हा प्रेक्षकांच्या हातात आखीव सूचना होत्या: कुठल्या खोलीत केव्हा बसायचं, घंटा झाली की कधी उठायचं. 1967 मध्ये त्यानंच लॉस एंजेलिस आणि पॅसाडेनाच्या परिसरात लोकांना बोलावून बर्फाच्या लाद्यांच्या भिंती रचायला लावल्या. लाद्या रचा आणि वितळू द्या, एवढंच सांगणं. माझ्या मते तुझा आराखडा अजून 1959 मध्ये आहे. चौदा सूचना आहेत. जिन्यात उभ्यानं, कडेवर मूल घेतलेल्या माणसाला ऐकवता येतील इतक्याच ठेव. म्हणजे तीन वाक्यं.

मग बाकीचं कोण ठरवणार? तेच लोक. 1943 मध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप या वसाहतीत उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनी मुलांसाठी भंगाराचं मैदान केलं: लाकडं, विटा, जुनी चाकं. आपण आखलेल्या नेटक्या मैदानांपेक्षा मुलं अर्धवट बांधकामांवर जास्त रमतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मैदान दिसायला ओबडधोबड झालं, पण आपल्या सगळ्या कामांत त्यांना तेच सर्वांत सुंदर वाटायचं. तिथला पहिला देखरेख करणारा तर मुलांना काहीही शिकवायचं नाही, असं ठरवूनच आला होता. तुझ्या जाळ्यात पोरं गाठी भलत्याच मारतील, कुणी दोरीवरून चिठ्ठीऐवजी चप्पल वर पाठवील. पाठवू दे. तिथे धावत जाऊन दुरुस्ती केलीस, तर त्या क्षणी खेळ तुझा होईल आणि त्यांच्या हातून सुटेल.

परवानगीबद्दल थोडं. कमिटीची सही ही परवानगीची सुरुवात आहे, तिथे थांबू नकोस. थॉमस हिर्शहॉर्न या कलाकाराचं 2013 मधलं काम मला या बाबतीत सारखं आठवतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या फॉरेस्ट हाउसेस या सरकारी वसाहतीत त्यानं ग्राम्शी या विचारवंताचं स्मारक उभं केलं: प्लायवूड, चिकटपट्टी, वाचनालय, रेडिओ केंद्र, रोजचं वर्तमानपत्र. जागा ठरवण्याआधी तो शहरातल्या कित्येक वसाहतींत फिरला. गेला तो मदत करायला नाही, मदत मागायला. बांधकाम रहिवाशांनी केलं, त्याचा त्यांना मोबदला मिळाला, आणि स्वतः तो उन्हाळाभर तिथे हजर असायचा. तुझ्या अंदाजपत्रकात दोरीचा खर्च आहे, छायाचित्रकाराचा आहे, रहिवाशांच्या वेळेचा नाही. निदान जे तुझ्याबरोबर आठवडाभर राबणार आहेत त्यांच्यासाठी रक्कम काढ, मग ती कितीही छोटी असो.

झाडलोट करणारे आणि रखवालदार यांना तर तू विसरलाच आहेस. चिठ्ठ्यांचा पसारा दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या वाट्याला येणार? मिअर्ल लेडरमन युकेलीस या कलावतीनं 1979 ते 1980 या काळात न्यूयॉर्कच्या 8,500 सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. तेच तिचं कलाकर्म होतं. तू निदान त्यांची नावं विचार. वसाहत त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नसते: कुठल्या घरात रात्रपाळी आहे, कोण आजारी आहे, कुठल्या कोपऱ्यात आवाज घुमतो. आणि प्रयोगानंतरचा झाडू तुझ्याच हातात असू दे.

बाकी किरकोळ, पण चुकवू नकोस. जिन्यात आणि बाहेर पडायच्या वाटेवर एकही दोरी नको, आग लागली तर ती वाट मोकळी हवी. दोरी गळ्याच्या उंचीवर आडवी येता कामा नये, खाली मुलं धावणार आहेत. गॅलरीतून वाकायला लागू नये इतकी लांब दोरी दे. मुलांचे फोटो पालकांना विचारूनच.

आणि चिठ्ठ्या अजून छापू नकोस. आधी एकच जिना घे. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री दहाला त्याच्या पायऱ्यांवर तासभर बसून ये, वही न घेता. मग दारं ठोठाव आणि प्रयोगाचं काही न सांगता विचार, या अंगणात पूर्वी काय काय व्हायचं? कोण काय म्हणालं ते मला कळव. ज्या दारातून उत्तर आलं नाही, त्याबद्दलही लिही.

तुझी,
एक जुनी खेळगडी