नाशिकमध्ये फ्रीलान्स प्रोग्रामिंग करतो, क्लायंटचे मेल खासगी ठेवायला जीमेल सोडून प्रोटॉन ही खासगीपणावर भर देणारी मेल सेवा घेऊ का?

घ्या, पण प्रोटॉन घेतलं की सगळं झाकलं गेलं असं समजू नका. जाहिरातींसाठी जीमेलमधला मजकूर स्कॅन करणं गूगलने 2017 मध्येच बंद करायचं ठरवलं, तरी मेल त्यांच्या सर्व्हरवर त्यांना उघडता येईल असाच असतो. प्रोटॉनमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मजकूर वाचता न येणं) आपोआप होतं ते दोन्हीकडे प्रोटॉन असेल तर, आणि अंबड-सातपूरचे तुमचे कारखानदार बहुतेक जीमेलवरच असणार, म्हणजे त्यांच्याकडची कॉपी उघडीच, शिवाय विषयाची ओळ प्रोटॉनमध्येही एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होत नाही, तिथे 'टेंडर रेट फायनल' वगैरे लिहू नका राव.

माझं मत विचाराल तर आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घ्या, उद्या प्रोव्हायडर बदलला तरी पत्ता तोच राहतो. कॉम्प्युटरवर मी थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरतो, ओपन सोर्स आहे, 2020 च्या 78 व्हर्जनपासून ओपनपीजीपी (मेल एन्क्रिप्ट करायची पद्धत) त्यातच मिळतं आणि बाहेरच्या इमेजेस तो विचारल्याशिवाय लोड करत नाही, त्यामुळे मेल उघडल्याची खबर देणारे ट्रॅकिंग पिक्सेल चालत नाहीत. आणि डेटाबेसचा पासवर्ड मेलमध्ये टाकायचा नाही म्हणजे नाही! आपल्याकडे सर्रास एक्सेल शीटमध्ये लिहून पाठवतात, असा आला की मी काम थांबवून आधी तो बदलायला लावतो.