आधी हिशेब, मग इंजेक्टर

भावा, गाडीची ताकद वाढवायची म्हणून लगेच मोठे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) घ्यायची घाई नको. चार सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल गाडीला क्रँकवर, म्हणजे चाकांवर नाही तर थेट इंजिनवर, ३०० एचपी हवेत, तर ताशी साधारण ११० लिटर पेट्रोल लागतं. बूस्टला, म्हणजे टर्बोचा दाब वाढला की, फ्युएल पंपाचा फ्लो घटतो हे धरूनही ताशी २५५ लिटरचा पंप पुरून उरतो. इंजेक्टर मिनिटाला ६०० सीसीच्या आसपासचे बघ, ड्यूटी (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते) ८० टक्क्यांत राहते. गाडी डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) असेल तर मात्र हा हिशेब सोड, तिथं हाय प्रेशर पंपाचं प्रकरण वेगळं.

खरी गोम वायरिंगमध्ये असते. इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर मीटर लाव. बॅटरीला १३.८ आणि तिथं १२ व्होल्ट दिसले, तर नवा पंपसुद्धा कमीच ढकलणार. जाड वायर, रिले, बॅटरीजवळ फ्यूज. किरकोळ पैशांत काम होतं. वॉल्ब्रो या पंप कंपनीच्या नावानं नकली पंप खूप फिरतात, फारच स्वस्त दिसला की समजून जा. पाइप इथेनॉलला चालणारेच घे, आता पेट्रोल पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं.

उरलेले पैसे वाइडबँड मीटरला (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा). आणि त्याच्या रीडिंगचा लॉग डायनोवरच (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं मशीन) घे. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात फुल थ्रॉटल नको, कासला जाणारी निम्मी जनता तिथं वळणावर फोटो काढत उभी असते.